घरकोंबड्याची वारी

'घरकोंबडा' हा शब्द ज्यानं काढला त्यानं कोंबडा पाळलेला नसावा. आमच्या दारातला कोंबडा तांबडं फुटायच्या आत खुराड्यातून बाहेर पडतो, आमचा उकिरडा उरकून शेजारच्यांचा घेतो, रस्ता ओलांडून पलीकडच्या वस्तीवर दोन भांडणं करतो आणि दिवेलागणीला परत फिरतो. सबंध दिवसात तो घरात सापडला तर तो आजारी आहे असं समजावं. आणि ज्याच्यानं घर सोडवत नाही अशा माणसाला नाव मात्र त्याचं. खरं तर घरात बसून असतं ते मांजर. पण मांजराला नावं ठेवायची कुणाची छाती होत नाही.

हे मी अधिकारानं सांगतोय. मी माळशिरसचा. पालखीच्या रस्त्याला लागून घर, मागं अडीच एकर रान, दावणीला दोन म्हशी आणि ओसरीवर एक खाट. खाटेवरून रस्ता दिसतो, रस्त्यावरून मी दिसतो. यापलीकडं आम्हा दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

या स्वभावाचा थोडा दोष गावाकडंही जातो. तालुका माळशिरसचा, तहसील कचेरी माळशिरसची. पण पेठ, दवाखाने, कापडदुकानं आणि गर्दी सगळी अकलूजला. लावणीची स्पर्धा अकलूजची, घोडेबाजार अकलूजचा. साखर कारखान्यांची धुराडी बघावीत तर शंकरनगर, सदाशिवनगर, माळीनगर अशी आमच्या आजूबाजूला. अकलूज म्हणजे चार ठिकाणी ऊठबस असलेला धाकटा भाऊ आणि माळशिरस म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला थोरला. जागचा हलत नाही, पण सही त्याचीच लागते.

पाणीसुद्धा आमच्याकडं चालत येतं. नीरेवर वरच्या अंगाला वीर धरण, त्याचा उजवा कालवा फलटणचं रान भिजवत आमच्या तालुक्यात उतरतो. माळीनगर वसवलं ते सासवडहून आलेल्या माळ्यांनी. म्हणजे पाणी लांबून येतं, माणसं लांबून येतात आणि इथं स्थिरावतात. जिथं यायला लोक एवढे कष्ट घेतात तिथंच मी आयता जन्मलो. आता उठून जायचं म्हणजे आलेल्यांचा अपमान.

शहरातल्या घरकोंबड्याची मला दया येते. त्याच्याकडं कारणंच नसतात. डोकं दुखतंय, ट्रॅफिक आहे, नाहीतर गॅस सिलिंडर येणार आहे. एका डोकेदुखीवर माणूस किती लग्नं चुकवणार? रानातल्या माणसाला कारणांचा तोटा नाही आणि एकेक कारण असं की पंचनामा केला तरी टिकावं. शेतीची लाइट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. "रातची लाइट हाय" एवढं म्हटलं की सख्खा मेव्हणाही पुढं बोलत नाही. कालव्याला पाणी सुटलं की "दारं धरायची हायती". ऊस तुटायला आला की "टोळी कवा येईल सांगता येत नाही". हे शेवटचं तर शंभर टक्के खरं असतं. टोळी कधी येईल हे टोळीच्या मुकादमालाही माहीत नसतं.

पण सगळ्या कारणांची राणी म्हणजे म्हैस. "म्हैस व्यायला झालीय" या वाक्यापुढं कोर्टाचं समन्सही नमतं घेईल. म्हैस सुमारे दहा महिने गाभण असते. दोन म्हशी असल्या आणि माणसानं जरा नियोजन केलं, तर बारमाही घरी बसता येतं. मी हे कारण वर्षानुवर्षं मनापासून वापरत आलो. एकदा मेव्हण्याच्या वास्तुशांतीला मी असाच निरोप धाडला. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग तो काळजीच्या आवाजात म्हणाला, "दाजी, मागल्या दिवाळीपासनं व्यायला झालीय ती. एकदा डॉक्टरला दाखवा की."

आमच्याकडं आमंत्रणाचे दोन प्रकार असतात. एक 'घरटी एक'. म्हणजे प्रत्येक घरातून एकानं जेवायला यायचं. घरकोंबड्याच्या हितासाठी पूर्वजांनी काढलेली ही सर्वांत थोर पद्धत. एक जण जातो, घराची अब्रू राखतो, येताना तिथल्या भानगडी घेऊन येतो आणि आपल्याला खाटेवर पडल्या पडल्या लग्न मिळतं. दुसरा प्रकार 'चूलबंद'. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटताच कामा नये, लहानथोर सगळ्यांनी यायचं. हा प्रकार ज्यानं काढला त्याला घरी बसणाऱ्यांचा पूर्ण अभ्यास होता. माणूस मानापानानं बाहेर पडत नाही, आग्रहानं पडत नाही; पण चूलच बंद केली की बरोबर पडतो.

एक मात्र आहे. लग्न चुकवलं तर लोक हसतात, माती चुकवली तर बोलत नाहीत, आणि ते न बोलणं पुढं वीस वर्षं ऐकू येतं. म्हणून माती, सावडणं आणि दहावा यांना मी जातो. लाइट रातची असली तरी जातो. म्हैस त्या दिवशी आपली आपण बघून घेते.

लोक मला एकलकोंडा समजतात, तेही खरं नाही. मला माणसांचा कंटाळा नाही, चपलांचा आहे. ओसरीवर कुणी आला तर मी त्याला दोन तास सोडत नाही. घरकोंबडा गप्प असतो ही पुस्तकी समजूत झाली. आमच्याकडचा घरकोंबडा गावातली बातमी सगळ्यात आधी सांगतो. फिरणारा माणूस एका वेळी एका ठिकाणी असतो. बसलेल्याकडं चारी ठिकाणांहून माणसं येतात.

स्त्रियांसाठी हा शब्द कुणी वापरत नाही, हे मला माझ्या बायकोनं दाखवून दिलं. 'घरकोंबडी' असं कुणी कुणाला म्हटलेलं ऐकलंय? बाई घरात आहे यात नाव ठेवण्यासारखं काय, ती तिथंच असायची, असं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. एकदा मी कौतुकानं म्हणालो, "आपल्या दोघांनाही घरच आवडतं बघ." ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून तिनं मान वर केली. "तुम्ही घरात बसता," ती म्हणाली. "मी घरात असते. त्यात फरक आहे." आणि चहाचं आधण उतरवून कप माझ्या हातात दिला. तो मी बसूनच घेतला.

घरी बसण्यावरून बोलणी खाल्ली की मी मोठ्या माणसांचा आधार घेतो. आमच्या भागात त्यांना कमी नाही. पहिला पुंडलिक. आईबापांची सेवा करत घरात बसला होता. दारात प्रत्यक्ष देव आला. दुसरा कुणी असता तर ताडकन उठला असता, "या या" म्हणाला असता. यानं बसल्या जागेवरून वीट भिरकावली आणि थांबा म्हणाला. देव अठ्ठावीस युगं त्या विटेवर उभा आहे आणि त्याला बघायला लाखो लोक अडीचशे किलोमीटर चालत येतात. एका माणसानं घर न सोडल्याचा एवढा मोठा परिणाम दुसरीकडं कुठं झाला असेल असं वाटत नाही.

दुसरे सावता माळी. शेजारच्या माढा तालुक्यातलं अरण हे त्यांचं गाव. 1295 साली त्यांनी तिथंच समाधी घेतली. परंपरा सांगते की ते पंढरपूरला कधी गेलेच नाहीत, मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला. नुसतं सांगून लोक थांबले नाहीत, रिवाजही तसाच पाडला. बाकी संतांच्या पालख्या देवाकडं येतात. सावतोबांच्या भेटीला देवाची पालखी पंढरपूरहून अरणला जाते. हे मी ज्या दिवशी नीट समजून घेतलं त्या दिवशी दुपारी मला फार शांत झोप लागली.

आणि माउली. चांगदेव वाघावर बसून भेटायला निघाले, तेव्हा ज्ञानदेव भावंडांसह भिंतीवर बसले होते. सामोरं जाणं भाग होतं. म्हणून ते भिंतीसकट निघाले. लोक यात योगसामर्थ्य बघतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: पाहुणा दारी आलाय, जायलाच हवं, पण बसल्या जागेवरून उठायचं जिवावर आलंय. हा अर्थ मी आमच्या भजनी मंडळात मांडला होता. तेव्हापासून मला अर्थ सांगायला देत नाहीत.

मग 2020 साल उजाडलं. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि 25 तारखेपासून सगळा देश बंद. ज्यासाठी मी जन्मभर बोलणी खाल्ली ते सरकारनं सक्तीचं केलं. पंतप्रधान टीव्हीवर हात जोडून सांगत होते की घराबाहेर पडू नका. मी बायकोकडं बघितलं. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी माझ्या ताटात एक भाकरी जास्त आली.

पुण्याचा पुतण्या लॅपटॉप घेऊन गावी आला. कंपनीचं काम घरून. ओसरीवर रेंज नाही, म्हणून तो मागच्या कडुलिंबाखाली बाज टाकून बसे. आमच्या आईला दुरून बघून एवढंच कळायचं की शिकलासवरलेला पोरगा दिवसभर झाडाखाली एकटाच बसतो आणि कानात बोंडं घालून आपल्याशीच इंग्रजीत बोलतो. तिसऱ्या दिवशी तिनं त्याची दृष्ट काढली. आठव्या दिवशी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "नोकरी गेली म्हण की त्याची. आपल्या माणसांत कशाला लपवायचं?"

त्यानंच मला सांगितलं की काका, तुम्ही घरकोंबडे नाही, तुम्ही 'इंट्रोव्हर्ट' आहात. कार्ल युंग नावाच्या एका स्विस डॉक्टरानं 1921 साली पुस्तक लिहून माणसांची अशी विभागणी केली म्हणे: कुणी आतल्या बाजूला वळलेला, कुणी बाहेरच्या. ऐकून बरं वाटलं. तोच माणूस, तीच खाट, पण इंग्रजीत आजार झाला की त्याला मान मिळतो. रात्री जेवणं झाल्यावर तो असले किस्से सांगे. कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ जन्मभर आपल्या कोनिग्झबर्ग शहराचा परिसर सोडून कुठं गेला नाही, आणि विद्यापीठात शिकवायचा काय, तर भूगोल. झेव्हिए द मेस्त्र नावाच्या एका लष्करी माणसानं 1790 साली द्वंद्वयुद्ध केलं म्हणून त्याला 42 दिवस खोलीत डांबलं. त्यानं त्या खोलीचंच प्रवासवर्णन लिहिलं. पलंगापासून टेबलापर्यंतचा प्रवास, वाटेत खुर्ची लागते वगैरे. मीही मनातल्या मनात ओसरीचं प्रवासवर्णन सुरू केलं. खाटेवरून निघालो, पाण्याच्या रांजणापर्यंत पोचलो, तिथं तांब्या नव्हता. हाक मारली. "तुमचे पाय कुठं गेले?" असं आतून उत्तर आलं आणि पहिलं प्रकरण तिथंच संपलं.

पण खरं सांगायचं तर पहिले आठ-दहा दिवस गेले आणि मला घरात करमेना. आधी वाटलं, ऊन लागलं असेल. नंतर लक्षात आलं की मला कुणी कुठं बोलावतच नव्हतं. लग्नं पुढं गेली, वास्तुशांती राहिल्या, जत्रा बंद. न जाण्यासाठी आधी आमंत्रण लागतं, हे मला पन्नाशीत कळलं. चारचौघं जात असताना मी जात नव्हतो, म्हणून माझ्या बसण्याला काही किंमत होती. आता सगळा देशच खाटेवर. आणि नेमकी त्याच दिवसांत म्हैस खरोखर व्याली. रात्री दोनला मी कंदील धरून उभा होतो, मेव्हण्याला फोन करावा असं फार वाटलं. पण त्याच्याकडं कुठलंही कार्य नव्हतं.

आषाढ आला. आता आमच्या गावाला आषाढ म्हणजे काय, हे सांगायला हवं. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते. नातेपुत्याचा मुक्काम उठवून सदाशिवनगरला गोल रिंगण होतं. बेळगावकडच्या अंकलीहून आळंदीपर्यंत चालत गेलेले घोडे तिथं माणसांच्या कड्यातून वाऱ्यासारखे पळतात. त्या रात्री पालखी आमच्या माळशिरसला. तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडते आणि अकलूजला येते. एकाच तालुक्यातून दोन्ही पालख्या. घरी बसून ज्याच्या दारात एवढं येतं असा माणूस त्रिभुवनात मीच.

त्या दिवशी आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसते. माळ्यावरचं मोठं पातेलं खाली येतं, चहा दिवसभर उतरत नाही. अलीकडं पाण्याइतकीच मागणी मोबाइल चार्जिंगला. दोन बोर्ड लावतो, त्यांना फोनांचे घोस लटकतात. कुठला फोन कुणाचा हे समजावं म्हणून बायको प्रत्येकावर चिकटपट्टी लावून त्यावर दिंडीचा नंबर आणि नाव लिहिते. आधी लिहीत नव्हती. एका वर्षी मी ऐटीत सांगितलं की फोनवर ज्याचा जो फोटो असेल त्यावरून ओळखू. चाळीस फोन उघडून बघितले. चाळिसांवर विठ्ठलच.

परभणीकडची एक आजी दर वर्षी येते. पाय मिठाच्या कोमट पाण्यात सोडते, दोन कप चहा घेते आणि विचारते, "यंदा तरी येतूस का रं बाबा पंढरीला?" पंढरपूर आमच्यापासून एसटीनं दीड-दोन तास. मी गेलोय, नाही असं नाही. पण चालत कधी नाही, आषाढीला तर कधीच नाही. मी म्हणतो, "पुढल्या वर्षी नक्की, आजी. यंदा म्हैस व्यायला झालीय." ती इतक्या लांबून आलेली बाई माझ्या म्हशीला हात लावून नमस्कार करते आणि वेळापूरच्या वाटेला लागते.

2020 साली पालखी आली नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या. एरवी आमच्याकडं मुक्काम असायचा त्या दिवशी मी खाटेवर होतो. रस्ता दिसत होता. त्यावर काहीच नव्हतं. आमचा कोंबडा मधोमध उभा राहून दोन्हीकडं बघत होता. आतून भांड्यांचा आवाज आला म्हणून गेलो, तर बायकोनं सवयीनं माळ्यावरून मोठं पातेलं काढलं होतं. ते तिनं धुतलं, पुसलं, पालथं घातलं आणि परत माळ्यावर ठेवलं. मी शिडी धरली. आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही. पुढच्या वर्षीही पादुका एसटीनंच गेल्या.

2022 साली वारी पुन्हा पायी निघाली. मी सकाळपासून रस्त्यावर होतो. रस्त्यावर म्हणजे खाटेवर नाही, प्रत्यक्ष रस्त्यावर, चपला घालून. संध्याकाळी आजी आली. वाकलेली होती, आवाज तोच. पाय पाण्यात सोडले, पहिला कप संपवला आणि म्हणाली, "यंदा तरी येतूस का?"

माझ्या तोंडात म्हैस आली होती, ती मी गिळली. म्हणालो, "येतो आजी. चला."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग ओसरीकडं, लटकलेल्या फोनांकडं, पातेल्याकडं. "नगं रं बाबा," ती म्हणाली. "तू आलास तर आमी टेकायचं कुटं? समद्यांनीच चालाया लागलं तर वाटंत कप कोण देणार?"

पुंडलिकाला, सावतोबांना इतकी वर्षं वेठीला धरून मला जे सांगता आलं नव्हतं, ते या बाईनं पाय पुसता पुसता सांगून टाकलं. चालणाऱ्यांची वारी बसलेल्यांच्या दारातून जाते. मला भरून आलं. आता बायकोनंही ऐकलं असेल म्हणून मी मोठ्या समाधानानं आत बघितलं.

ती दारात उभी होती. हात पदराला पुसत म्हणाली, "बरोबर आहे आजींचं. यांनी घरीच थांबावं. मी येते."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दिंडीबरोबर वेळापूरला निघाली. जाताना चिकटपट्टी, चहाची पूड आणि म्हशींचं वैरण कुठं आहे ते सांगून गेली. मागच्या दिंड्या दुपारपर्यंत येत होत्या. मग धारा, शेण, आईचं जेवण, रातची लाइट. परगावाहून निरोप आले, फोन आले, मी कुणालाही कारण सांगितलं नाही. सांगायला वेळच नव्हता. द्वादशीला उपवास सोडून ती परत आली, पायाला फोड, कपाळाला बुक्का आणि चेहरा असा की मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. येऊन खाटेवर बसली आणि विचारलं, "काय केलंत इतके दिवस?"

"घरात होतो," मी म्हणालो आणि चहाचं आधण ठेवायला उठलो.